तिसरं गाणं बाप आहे

शनिवार, वर्तकनगर

आज मिलिंदला सगळ्यांसमोर सोलून काढलं. मजा आली. मग आता का चडफडतेय मी?

आमचा नियम साधा. दर शनिवारी सावियोच्या गच्चीवर जमायचं, एकमेकांना एकेक हेवी मेटल अल्बम ऐकायला सांगायचा आणि पुढच्या शनिवारी त्यातलं आवडलेलं गाणं सांगायचं. मिलिंदचं उत्तर ठरलेलं. डोळे मिटून, मान हलवून, "तिसरं गाणं बाप आहे!" मला संशय होताच. म्हणून गेल्या वेळी त्याला असा अल्बम सांगितला, जो जगात नाहीच. बँडचं नावही मीच बनवलेलं.

आज विचारलं, "ऐकलास का रे?"

"म्हणजे काय! तिसरं गाणं बाप आहे!"

मग मी खरं काय ते सगळ्यांना सांगितलं. सावियो हसून हसून पाण्याच्या टाकीला टेकला. मी म्हटलं, "एवढी वर्षं फेकतोयस, लाज नाही वाटत?" मिलिंदचे कान लाल झाले. वाटलं, आता रडणार. मी वाटच बघत होते.

रडला नाही. शांतपणे म्हणाला, "त्या आवाजाने डोकं दुखतं माझं. मी कोणाचंच काही ऐकलेलं नाही. तुझंही नाही गं."

माझं म्हणजे आमच्या बँडचा एकुलता एक अल्बम. ड्रम्स माझे. सावियोने अर्ध्यात बंद केलेला, माझ्या भावाने पहिल्याच गाण्याला. कौतुक केलेलं फक्त मिलिंदने.

तिसरं गाणं बाप आहे, म्हणालेला. त्या एका वाक्यावर मी वागळे इस्टेटमधली नोकरी सोडली.