साक्षीदाराच्या माथ्यावरचे हिरवे गवत

आबा,

तुम्ही खणलेल्या शेवटच्या विहिरीचे पाणी परवापासून गढूळ येत आहे. वसाहतीच्या सरपंचबाईंनी मला नांदेडला फोन करून ते सांगितले, तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. पावसाळा आहे, पाणी गढूळणारच, औषध टाकायला कुणाला तरी पाठवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी विचारले, "वरचे पाणी वाहून आत जाते का?" त्या म्हणाल्या, "न्हाई साहेब, कठडा उंच हाय की. खालनंच येतंय, राख कालवल्यावानी." मी फोन ठेवला. मग गाडी बोलावली आणि विष्णुपुरीचे घर बंद करून निघालो. आता पाझर तलावाच्या वरच्या माळावर जी शाळा आहे, तिच्या व्हरांड्यात बसून हे लिहीत आहे. दुपारचे तीन वाजले आहेत. पाऊस तासाभरापूर्वी थांबला, पण लातूरच्या दिशेचे आभाळ शाईसारखे आहे. समोर तलाव काठोकाठ भरला आहे, सांडव्यावरून पाणी पडत आहे, आणि बांधाच्या पलीकडे, खाली, ऐंशी घरांची वसाहत आहे. ती तिथे मी वसवली.

तुमच्या हयातीत मी तुम्हाला मोजकीच पत्रे लिहिली. तुम्हाला अक्षर येत नव्हते, त्यामुळे सिकंदराबादच्या संघात हॉकी खेळत असताना मी लिहिलेला प्रत्येक मजकूर गावातला कुणीतरी पारावर बसून तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवत असे. चारचौघांत वाचता येईल तेवढेच लिहायचे, ही सवय मला तेव्हा लागली आणि पुढे सार्वजनिक जीवनात ती फार उपयोगी पडली. सत्काराच्या भाषणांत वक्ते म्हणतात की या माणसाने एका आयुष्यात तीन आयुष्ये जगली: आधी पगारी गोलरक्षक, मग अभियंता, शेवटी आमदार. मी हात जोडतो. या तिन्हींतले तुम्ही फक्त पहिले आणि अर्धे दुसरे पाहिले.

पहिले तर एकदाच पाहिलेत. आमचा संघ नांदेडला हॉकीच्या स्पर्धेसाठी आला होता आणि तुम्ही विहिरीचे काम एक दिवस बंद ठेवून, धोतर धुऊन, एस.टी.ने आलात. मैदानाबाहेर प्रेक्षकांत न बसता तुम्ही थेट माझ्या गोलजाळीमागे मातीत उकिडवे बसलात. शेजारच्या म्हाताऱ्या टांगेवाल्याने तुम्हाला विचारले, "ये छोकरा किसका है, चचा?" तुम्ही म्हणालात, "हमाराच हय. पन बाकीचे पळून ऱ्हायले अन् ह्यो एकलाच हुबा." सामना संपल्यावर पॅड सोडत मी तुमच्याजवळ आलो, तर तुम्ही हसून म्हणालात, "लई सोपं काम हाय तुझं. येऊ द्यायचं, अन् आलं की अडवायचं." मला राग आला होता. आज वाटते, माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या कुणी केली नाही.

मग दुष्काळ पडला. मी खेळ सोडून कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो होतो आणि पहिलीच नेमणूक या तलावावर मिळाली. चारशे माणसे बांधावर होती; त्यांत शेतकरी होते, शेत नसलेले होते, बौद्धवाड्यातली सगळी घरे होती. बांधाच्या पोटाखाली आधी एक लांब चर खणायचा, तो कठीण थराला पोहोचेपर्यंत खोल न्यायचा आणि मग काळ्या चिकणमातीने भरून काढायचा, म्हणजे साठलेले पाणी बांधाखालून निसटत नाही. हे पुस्तकात होते, पण मला ते तुमच्या विहिरींमुळे आधीच ठाऊक होते. काळी माती, मग पांढरी, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग पाषाण: हे थर मी शाळेत बाराखडी शिकण्यापूर्वी तुमच्या तोंडून पाठ केले होते. खोदाईचे माप घेता यावे म्हणून मूळ जमिनीचा एक खांब मधेच तसाच सोडत. त्याचा माथा म्हणजे जुनी जमीन, त्याचा पायथा म्हणजे खोदाईचा तळ. मजूर त्या खांबाला साक्षीदार म्हणत.

तुम्ही भाकरी घेऊन आलात तो दिवस मला वारासकट आठवतो. गुरुवार होता. मी मांडवात बसून मोजमापाच्या पुस्तकात नोंद करत होतो. माझे सहकारी त्या पुस्तकात काहीही खरडत. माझी प्रत्येक नोंद पूर्ण वाक्यात, काना-मात्रा तपासून केलेली असे. त्या दिवशी मी लिहिले होते: "चराची खोली कठीण थरापर्यंत नेण्यात आली असून ती प्रत्यक्ष उतरून तपासण्यात आली आहे." तुम्ही गाठोडे माझ्यापुढे ठेवले आणि मांडवात न बसता चराकडे गेलात. काठावरच्या मातीच्या ढिगावर चढलात. माथ्यावरचे एक ढेकूळ उचलून अंगठ्याने फोडलेत, हुंगलेत आणि मला हाक मारलीत.

"शेवटाला निघालेली माती ढिगाच्या माथ्यावर असती का बुडाला?"

"माथ्यावर," मी म्हणालो.

"मग मुरूम कुठाय? ही तर पांढरी हाय."

 मग तुम्ही वाकून चरातल्या साक्षीदाराकडे पाहिले आणि मोठ्याने हसलात. "अरे, ह्याच्या डोक्यावर हिरवं गवत! सारा मुलूख करपला, अन् ह्या गड्यावरच कुठनं पाऊस पडला रं?"

लोकांनी ओढ्याकाठची गवताची ढेप कापून आणून खांबावर थापली होती. साक्षीदार हातभर उंच झाला होता आणि चर कागदावर तेवढाच खोल. तळाशी वाळून घट्ट झालेल्या मातीवर पहार उसळी मारू लागली होती. उपाशी पोटाने त्या पांढऱ्या मातीत आणखी खाली जाणे त्यांना होत नव्हते, आणि माप भरले नाही तर आठवड्याचे धान्य मिळत नव्हते. तुम्हाला ते न सांगता कळले. तुमचे हसू ओसरले. "त्यांचं काय चुकलं न्हाई," तुम्ही म्हणालात, "पोटासाठी केलं. तुला फशिवलं, लेकरा. पन आता खोड ते, अन् परत खणायला लाव."

"पुस्तकात खाडाखोड चालत नाही, आबा."

"वहीत चालत न्हाई. मातीत चालतंय व्हय?"

तुम्ही माझ्याबरोबर जेवला नाहीत. पुढच्या आठ दिवसांत चर चिकणमातीने भरला गेला.

दोन पावसाळ्यांनंतर बांधाखालच्या गायरानात तुम्ही ती विहीर खणलीत. पाणी इतके वर लागले की गावाने गुलाल उधळला. तुम्ही मात्र तोंड धुऊन गुलाल काढून टाकलात आणि मला म्हणालात, "मला आवडलं न्हाई हे. कष्टाबिगर आलेलं पानी कुठनं आलं ते इचार." मी म्हणालो, पाझर तलावाचा उद्देशच तो असतो. तुम्ही कठड्यावर बसून खाली पाहिलेत. "नितळ हाय तवर झोप. मातकट यायला लागलं की समज, बांधाचं पोट धुऊन यायलंय. मग गाव हलव." त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

नवा जिल्हा झाला तेव्हा तुम्ही नव्हतात. उस्मानाबादचे हेलपाटे संपले, लातूरला कचेऱ्या उघडल्या, आणि नव्या जिल्ह्याला नवी माणसे हवी होती. मी नोकरीचा राजीनामा दिला. माझ्या प्रचाराच्या जीपवर हॉकीची काठी बांधलेली असे आणि कर्ण्यातून आवाज येई, "गोलकीपर साहेबांच्या पाठीमागं गोल हुत न्हाई!" मी निवडून आलो. पहिल्याच वर्षी भूमिहीनांच्या वसाहतीसाठी जागा शोधायची होती. पाणी असलेले सरकारी गायरान सगळ्या तालुक्यात एकच होते. जिल्ह्याच्या बैठकीत ते मीच सुचवले. ते पाणी तिथे का आहे, हे त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होते.

पुढे माझ्या हाती अधिकार होते. बांधाच्या पायथ्याशी दगड-वाळूचा गाळणीचा थर घालून घेणे मला अशक्य नव्हते. दोनदा मी प्रस्ताव लिहायला घेतला. प्रस्तावात पहिला रकाना कारणाचा असतो, आणि कारण लिहायचे तर माझेच ते वाक्य खोटे म्हणून लिहावे लागणार होते. दर उन्हाळ्यात मी वसाहतीत येऊन तुमच्या विहिरीचे पाणी पेल्यात धरून उजेडात पाहत असे. लोकांना वाटे, साहेबांना इथल्या पाण्याची गोडी आहे. पाणी नितळ असे, आणि मी परत जात असे.

काल संध्याकाळी, उजेड होता तोवर, वसाहतीच्या बुद्धविहारात सगळ्यांना बोलावले. तलावाचे पाणी उतरावे म्हणून सांडवा खोल करायला यंत्र मागवले आहे, पण ते अलीकडच्या पुलाशी अडकले आहे, तोवर वर शाळेत चला, असे मी सांगितले. कुणी हलेना. तहसीलची नोटीस वाचून दाखवली गेली. तिच्यात अशुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या दुरुस्त करायला मी पेन काढले आणि लाज वाटून परत खिशात ठेवले. एक जण मागून म्हणाला, "साहेब, तुमी बांधलाय न्हवं? मग काय हुतंय त्याला!" सगळे हसले. माझ्यावरच्या विश्वासाने ते बसून होते. तो मोडल्याशिवाय ते उठणार नव्हते. म्हणून मी सांगितले की बांधाखालचा चर कठीण थरापर्यंत गेलेलाच नाही, आणि ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

 मग भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी उठली. त्या चरात तिने पाट्या वाहिल्या होत्या. "साहेबावर कशाला घेता?" ती म्हणाली. "साक्षीदाराला टोपी आमीच घातली. ढेप म्या माझ्या हातानं आणली वड्यावरनं. साहेब शिकलेला मानूस, त्यास्नी काय ठावं?" आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने: "पन तुमी खाली उतरून बघितलं व्हतं न्हवं? तळ कच्चा असता तर तवाच बोलला असता की."

मी म्हणालो, "हो. उतरलो होतो."

आज सकाळपासून लोक वर येत आहेत; भांडी, शेळ्या, बाबासाहेबांची तसबीर, सगळे शाळेच्या वर्गांत आले आहे. पण सगळे आले नाहीत. त्या म्हातारीचे आणि तिच्या भावकीचे मिळून बाराएक उंबरे खालीच आहेत. साहेबांनी स्वतः तळ पाहिला आहे, म्हणजे दोन दिवस निघतील, असा त्यांचा हिशेब आहे.

आबा, मी चरात उतरलोच नव्हतो. सिकंदराबादच्या शेवटच्या हंगामात माझा उजवा गुडघा निकामी झाला होता. खेळ मी सोडला नव्हता, संघाने मला काढले होते. अभियंता होण्यासाठी खेळ सोडला, हे मी पारावर वाचून दाखवण्यासाठी लिहिले होते. त्या गुरुवारी चराला बांबूची शिडी लावली होती. मी एक पायरी उतरलो आणि गुडघा लटपटला. मुकादम म्हणाला, "साहेब, हात द्या माझ्या हातात." चारशे माणसे कुदळी टेकवून गोलकीपरकडे पाहत होती. मी म्हणालो, "गरज नाही, वरूनच दिसते आहे," आणि मांडवात जाऊन ते वाक्य लिहिले. साक्षीदाराने मला फसवले नाही. मी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. तुम्ही 'फशिवलं, लेकरा' म्हणालात आणि मी ते तसेच राहू दिले.

हे कागद मी कुठे पाठवणार? खाली अजून चुलींचा धूर दिसतो आहे, आणि बांधाच्या पायथ्याशी सकाळी नव्हता तो एक ओला डाग, खाटेएवढा. म्हातारीला हे तिच्या दारात जाऊन सांगावे लागेल. उतार शेवाळला आहे, माझ्याने एकट्याने उतरवणार नाही. व्हरांड्यात वर आलेले सगळे गाव बसले आहे. मी शाळेच्या गुरुजींना हाक मारली आहे, हात धरा म्हणून.