एक लाख चार हजार नऊशे सत्तावीस

सोमवार, ५ नोव्हेंबर १९३४
लय मज्जा! दत्तोबा मास्तर — शाळेत मला तीनदा नापास केलेला मानूस. आता पेन्शनीत, तुंगार्लीला ओट्यावर पोरांचे पाढे घेतात. टेशनात मालगाडीच्या डब्यांचे नंबर टिपायचं माझं काम. त्यातलाच एक नेऊन दिला — १०४९२७. म्हनलं, "मास्तर, दोन आकडे गुणून म्या हा केलाय. कंचे दोन, सांगा." गुणतोय कोन! "संध्याकाळपर्यंत सांगतो," म्हनले. बसा म्हनावं!

गुरुवार, ८
अजून भागतायत. पोरांना घरी धाडलं — हा फुटल्याबिगर पाढे बंद! मास्तरांच्या घरच्या, कस्तुराकाकू, माझ्यावरच उखडल्या. "मेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात तुझा आकडा! ताट तसंच राहतंय." खरं सांगायला त्वांड उघडलं, तर मास्तरच म्हनले, "हौशा, तुला नापास केलं ही माझीच चूक. असा आकडा घडवायला डोकं लागतं." झालं! गिळलं सगळं.

शुक्रवार, ९
आता मलाच फोडायचा. सापडलं की हळूच सांगीन, पोरं परत बसतील. पन फुटनाराच नसंल तर? ३ — न्हाई. ७ — चार उरले. १३ — परत चारच! २३ नं एक उरला. एक!! पाटी फेकनार व्हतो.

रविवार, ११
मास्तरांना इच्यारलं, कुटवर भागायचं? "३२३ च्या पुढे जायचंच नाही. ३२४ गुणिले ३२४ तुझ्या आकड्याच्या वर जातं. दोघांतला धाकटा आतच असणार. आणि दोनाने गेला नाही तो चाराने कसा जाईल?" मग चष्म्यावरून बघितलं. "तुझाच आकडा, आणि तूच विचारतोस?" म्हनलं, सहज!

मंगळवार, १३
यार्डात नंबर चुकीचे टिपले. सायबानं झापलं. डोस्क्यात १०४९२७.

शुक्रवार, १६
३०७ न्हाई. ३११ न्हाई. ३१३ — बहात्तर उरले. पासष्ट आकड्यांनी भागलं, बोटं सोलली. आता एकच ऱ्हायला, ३१७. त्यानंबी न्हाई गेला तर उद्या मास्तरांचे पाय धरायचे अन् कबूल करायचं.
गेला!! ३१७ गुणिले ३३१! चार डाव गुणून बघितलं. खोटं बोललो ते खरं निघालं!

शनिवार, १७
म्हनलं, "मास्तर, ३१७ लावून बघा की." लावला. "शाबास!" एवढंच. संध्याकाळी पोरं ओट्यावर तेवीसचा पाढा वरडत व्हती, काकूंनी चहा दिला. निघताना मास्तरांनी हातात चिठ्ठी ठेवली — १०४७२९. माझाच आकडा, सात अन् नऊ अदलाबदल. "हाही दोन आकडे गुणूनच केलाय. अगदी तू केला होतास तसा."

रविवार, २ डिसेंबर
चिठ्ठीतल्या आकड्याला ३१७ पन लावून झाला. बाकी एकशे एकोनीस. फुटतच न्हाई! म्या काय गुणलंच नव्हतं, हे म्हाताऱ्याला पैल्या दिवसापासनं ठावं व्हतं.