उंबरठ्यावरची मोकळी जागा

पुणे,
दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून फोनवर तुम्ही ‘ठीक आहे’ एवढेच म्हणता. पत्रात मात्र बोलता. म्हणून हे पत्र.

लग्नपत्रिका आणि मिठाईचे खोके सजवण्यात आठ वर्षे गेली. आता मोबाइलवरची अ‍ॅप आखायला शिकते आहे. याला यूएक्स डिझाइन म्हणतात. वस्तू नुसती सुंदर दिसून भागत नाही. ती वापरणाऱ्याला कुठे अडते, कुठे सोपे जाते, ते पाहायचे. तिशी उलटल्यावर पुन्हा पहिलीत नाव घातल्यासारखे वाटते. दवाखान्यात नंबर लावायच्या अ‍ॅपची स्क्रीन मी केली. आमचे प्रसाद सर म्हणाले, फ्रेम करून भिंतीवर लावावी इतकी देखणी आहे. पण ताप आलेल्या माणसाने बोट कुठे ठेवायचे? सगळे हसले. मीही हसले, आणि जिना उतरताना रडले.

सरांच्या कंपनीत मला शिकाऊ म्हणून घ्यायचे की नाही, ते पंधरवड्यात ठरेल. त्याआधी एका माणसाचे रोजचे वागणे पाहून तो कुठे अडतो ते मांडायचे आहे. जुन्या ऑफिसने खुर्ची राखून ठेवली आहे. बहुधा परतच जाईन. तरी एकदा विचारते: सकाळी उठल्यापासून तुम्ही कुठे थबकता, ते कळवाल? मुद्देसूद लिहाल हे ठाऊक आहे. आईसारखे पाल्हाळ लावलेत तर अधिक बरे.

लोभ असावा, रागवायचे असेल तर पत्रानेच रागवावे.

आपली,
अस्मिता

नेरुळ,
दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. अस्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. सांगितल्याप्रमाणे स्वतःचे निरीक्षण केले. माणूस स्वतःकडे पाहू लागला की त्याची चाल बिघडते, ही नोंद प्रथम करून ठेवतो.

सध्या पहाटे खाडीवर धुके असते. त्यात रोहित पक्षी उभे असतात, की धुक्याचाच काही भाग गुलाबी होतो, हे आपल्या खिडकीतून निश्चित सांगता येत नाही. झोप आणि जाग यांच्या दरम्यान दाराबाहेर रांगोळीचा डबा उघडल्याचा आवाज येतो. मी उठून पाहतो. अर्थातच कोणी नसते.

वर्षश्राद्धानंतर समोरच्या वैजयंतीबाई म्हणाल्या की, आता उंबरठा कोरा ठेवू नका. तेव्हापासून रांगोळी मीच काढतो. शिरवणे एमआयडीसीतल्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य गेलेल्या माणसास ठिपके जड नाहीत. फुटपट्टीने दाराचा मध्य काढतो आणि बरोबर तेथे कमळ रेखतो. मग दूध घ्यायला बाहेर पडतो आणि त्याच कमळावर पाय देतो. दररोज. थबकतो तो तेथे. परवा वैजयंतीबाईंनी विचारले, काका, रांगोळी काढून झाली की खाली सही करता का?

मला उलगडा होईना. तुझ्या आईची रांगोळी माझ्या पायाखाली कधीही आली नव्हती. मी जपून चालतो, अशी माझी समजूत होती.

काल फरशी पुसताना जिन्याच्या खिडकीतून तिरपे ऊन आले आणि काळ्या कडप्प्यावर एक फिकट वर्तुळ दिसले. वर्षानुवर्षांच्या रांगोळीने आणि पुसण्याने झिजलेले. ते मध्यावर नाही. बिजागरीकडे सरकलेले आहे. मी कडीकडच्या चौकटीला हात टेकून चपला घालतो आणि डावा पाय प्रथम बाहेर टाकतो. त्या पावलापुरती जागा सुमेधाने, तुझ्या आईने, सोडलेली होती. मला सांगितले नाही. बहुधा स्वतःलाही सांगितले नसावे.

जपत ती होती. मी नुसता चालत होतो.

वर्तुळाशेजारी बराच वेळ बसलो. चहा राहिला.

तुझ्या सरांना याचा उपयोग आहे किंवा नाही, हे मला ठरवता येत नाही. खुर्चीचा निर्णय तुझा.

ममत्व आहे, हे वेगळे लिहिण्याची आवश्यकता नसावी.

तुझा,
बाबा

पुणे,
दि. १७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र सर्वांसमोर वाचायला उभी राहिले आणि कडप्प्याच्या ओळीपाशी कागद खाली ठेवला. पुढचे सरांनी वाचले.

मग नवी स्क्रीन दाखवली. चित्र, नाव, माझी लाडकी वेलबुट्टी, सगळे वर सरकवले आहे. फोन हातात धरल्यावर अंगठा आपसूक पडतो, तिथे फक्त ‘नंबर लावा’. सरांनी फोन हातात घेतला, डोळे मिटले आणि अंगठा टेकवला. नंबर लागला!

बाबा, मला घेतले. इथली सर्वांत कच्ची मीच. जुन्या खुर्चीला नमस्कार कळवला.

पुढल्या शनिवारी येते आहे. कमळ अजून मध्यावरच असेल, तर या वेळी सही मी करीन.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

आपली,
अस्मिता

नेरुळ,
दि. २१ फेब्रुवारी २०२५

चि. अस्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अभिनंदन. पहिलीत नाव घातल्यावर पाटी-पेन्सिल देण्याचा प्रघात आहे, आल्यावर मिळेल.

कमळ हलवले. आता फिकट वर्तुळावरच काढतो. पहाटे डबा उघडल्याचा आवाज येतो तो माझ्याच हातचा, हे जाणतो. तरीही कान देऊन ऐकतो. दूध घ्यायला निघालो की पाय बाजूने जातो, आणि त्या एका पावलापुरता मी एकटा नसतो.

शनिवारी मात्र रांगोळी आणखी थोडी भिंतीकडे घेईन. तू बॅग उचलत नाहीस, ओढत आणतेस. तुझी आई सांगून दमली. चाकांपुरती वाट ठेवतो.

लोभ आहे. खाली न पाहता आत ये.

तुझा,
बाबा