बाबांची साक्ष

३ जानेवारी

प्रिय ताईस, प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि.

सोबत शास्त्रातल्या वीस उताऱ्यांची यादी पाठवते आहे, सगळे आनंदाचे. सकाळी एक, संध्याकाळी एक, असे बाबांना वाचून दाखव. रडगाण्याच्या ओळींवर मी खुणा केल्या आहेत, त्या सोड. आई गेल्यापासून आठ महिने त्यांनी प्रार्थना केलेली नाही, हे तू कळवलंस तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. डोळे गेले, आता विश्वासही जायचा का?

दुसरं काम घाईचं. महिनाअखेरच्या मेळाव्याचा विषय ‘टिकणारा आनंद’ असा आहे. आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे यांनी, उपासनेत सांगूनही टाकलं, की छापखान्यात चाळीस वर्षं शास्त्राची मुद्रितं तपासलेले आपले सासरे साक्ष पाठवणार आहेत. चार वाक्यं पुरेत. गोडीगुलाबीने काढून घे. वर्गात उत्तर मागायचीस तसं मागू नकोस, बाबा बाकावर उभे राहतील.

रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
छोटी

१२ जानेवारी

चि. छोटीस, आशीर्वाद. वि. वि.

तुझी यादी तिसऱ्याच दिवशी पकडली गेली. एका स्तोत्रातल्या तू खुणा केलेल्या ओळी मी सोडल्या आणि बाबांनी पलंगाच्या कडेवर बोट आपटलं. छापखान्यात मजकूर गळला की आपटायचे, तसंच. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचं गळलेलं शोधलं, त्याला गाळून वाचून दाखवायचं ही अक्कल तुझी. मी ती पाळली, म्हणजे माझीही तेवढीच.

मग त्यांनी ते स्तोत्र मागितलं, जे अंधारातच संपतं. ते यादीत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मी हरले. त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं. म्हणाले, लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. आपल्यासारख्याला या पुस्तकात जागा नाही असं इतके दिवस वाटत होतं. नंतर बराच वेळ हात जोडून पडून राहिले. काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

साक्ष सांगितली ती शब्दशः अशी: मी सुखी नाही. देव आहे. दोन्ही खरं आहे. एकही गाळू नका.

तुमच्या मेळाव्याला हे झेपेल का, ते तुम्ही बघा.

तुझ्यावर लोभ ठेवूनच हे लिहिलं आहे.

ताई

२ फेब्रुवारी

प्रिय ताईस, सलाम. वि. वि.

बाबांची साक्ष यांनी पाहिलीच नाही. पाहिली असती तर तशीच वाचली असती, मी यांना ओळखते. भीती मला वाटली. पुढच्या रांगेत आमच्या मंडळीतली शिवणकाम करणारी बाई बसणार होती. तिचा मुलगा नुकताच गेला आहे. तिला मी असा कागद कसा ऐकवणार? मी माझ्या हाताने दुसरा लिहिला, की मी सुखी आहे, कारण देव आहे. तोच यांनी वाचला. सगळं सभागृह रडलं. ती बाई मला बिलगून म्हणाली, की म्हातारबाबांना जमलं तर तिलाही जमेल.

आता समितीने ते बाबांच्या फोटोसकट पत्रकावर छापलं आहे. यांना अजून काही माहीत नाही. बाबांना कळू देऊ नकोस, ताई. त्यांच्या मांडीवर बसून मी वाचायला शिकले.

लोभ मागायला जीभ उचलत नाही, तरी मागते.

छोटी

२० फेब्रुवारी

चि. छोटीस,

दफनाच्या दिवशी तू माझी नजर टाळलीस, म्हणून लिहिते आहे.

पत्रक इथे आलं होतं. शेजारच्या कंपाउंडरने कौतुकाने ते बाबांना वाचून दाखवलं. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत त्याचं वाचून झालं होतं. तो गेल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, की हे कुणी केलं, जावयाने की छोटीने.

मी जावयाचं नाव घेतलं. बाबांशी बोललेलं माझं पहिलं खोटं, आणि तेही ज्याला काही ठाऊक नाही अशा माणसाच्या माथी. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. म्हणाले, वाटलंच, पोरीचं हे काम नव्हे, तिला मी शिकवलं आहे. संध्याकाळी आपणहून जेवायला मागितलं. आईच्या गोष्टी काढून हसले. चार दिवस तसेच होते. पाचव्या सकाळी गेले.

कबरीपाशी तुझे पाळकसाहेब म्हणाले, की आमचे सासरे आनंदात गेले. लोक माना डोलवत होते. मला उठून ते खोडून काढायचं होतं, पण उठता आलं नाही, कारण ते खरं होतं. शास्त्राने बाबांना सोबत दिली. सुख मी दिलं, खोटं बोलून, आणि ते त्यांना मरेपर्यंत पुरलं.

तुझ्या नवऱ्याला हे सगळं तू सांगायचं आहेस. मी सांगणार नाही.

लोभ आहे तेवढा ठेव. वाढवायला सांगत नाही.

ताई