गोदामामागचं खाद्य

भवानी पेठ, सोलापूर
ता. ८ नोव्हेंबर १९२७

ती. सौ. वच्छलाआक्काच्या पायांशी मानसिंगचा शि. सा. न. वि. वि.

ज्या क्षणी अंबूच्या आप्पांनी आपल्या धान्याच्या पेढीवर तराजूतली ज्वारी हातानं सारखी करत, हमालांच्या देखत, अर्धवट शिकलेल्याला आमी पोरगी देत न्हाय म्हणून सांगितलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. आत अंबू दाणे पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाज थांबला तो मला कळला. तिला अक्कलकोटचं स्थळ आलंय हे ऐकूनच मी कॉलेज टाकून पुण्याहून आलो. तू रागावलीस ते रास्त. पण आप्पा शेवटी एवढं बोलले की शिमग्यापर्यंत स्वतःच्या पायावर उभा राहून दाखव, मग बघू.

म्हणून आपल्या परसात कोंबड्या पाळल्यात. सात रस्ता चौकापलीकडच्या साहेबांच्या बंगल्यांवर अंडी खपतात. पण माझ्या बाया नुसत्या ज्वारीवर अंडी घालेनात. घातली तर एवढीशी, आणि एकमेकींची पिसं उपटून खातात. सुकट परवडत नाही, शिवाय तिचा वास सुटला की शेजारच्या काशम्मा नाकाला पदर लावून माझ्या सात पिढ्या काढतात. तुझ्या कोंबड्या काय खातात ते सविस्तर लिही.

दाजींना नमस्कार. राग कमी झाला की माया पूर्वीसारखी असू दे.

तुझा
मानसिंग


बार्शी
ता. १४ नोव्हेंबर १९२७

चि. मानसिंगास वच्छलाचे अनेक आशीर्वाद.

पदवी घेऊन येशील म्हणून वाट बघत होते, तू कोंबड्यांचा मामा झालास. दाजी लई हसले. असो. अंबू चांगली आहे, तिचा बापच तेवढा दगड आहे.

कोंबडीला दाण्याबरोबर अंगाला लागेल असं काहीतरी लागतं. करडईची नाहीतर शेंगदाण्याची पेंड भिजवून भरड्यात मिसळ. आधी ती नाकाशी धर. कुबट वास आला, हिरवट बुरशी दिसली तर स्वस्त मिळाली तरी फेकून दे. एरंडीच्या पेंडीला तर शिवू नकोस. ती खाऊन आमच्या शेजारणीच्या कोंबड्या दुपारपर्यंत माना टाकून पडल्या. मडक्यात ओलं शेण नि काडीकचरा भरून ते वाळवीच्या जागी पालथं घाल. सकाळी उचललंस की वाळवीनं भरलेलं असतं, कोंबड्या तुटून पडतात. डाळ करताना उरलेली तुरीची चुणी घाल, उरलेलं ताक घाल.

या सगळ्याला धीर लागतो. तुझ्याकडे तो नाही, म्हणून धास्ती वाटते. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी
आक्का


भवानी पेठ, सोलापूर
ता. ११ डिसेंबर १९२७

ती. सौ. आक्काच्या पायांशी शि. सा. न. वि. वि.

आता कोंबड्या बघायला ये. तुरे लालभडक, पिसं तुकतुकीत, आणि अंडी एवढी की बंगल्यावरचा खानसामा स्वतः दारात येतो. पेंड घालतो, पण तुझं मडकं मी केव्हाच फोडून टाकलं. वाळवीची वाट कोण बघत बसणार? मला त्याहून जोरकस खाद्य सापडलंय, आणि तेही फुकट.

आप्पांच्या गोदामात येडू हमाल उंदरांचे सापळे लावायचा. सापडलेले उंदीर बादलीत बुडवून मागच्या गटाराशी फेकायचा. मी ते आणून, सोलून, उकडून, बारीक करून घालायला लागलो. येडू ताप आला म्हणून आपल्या गावी गेला, तेव्हा वाटलं संपलं आता. पण उलट जास्तच मिळतात. आता गटारापर्यंतही जावं लागत नाही, भिंतीच्या कडेनं झोपल्यासारखे पडलेले असतात. पूर्वी ओलेचिंब असायचे, आता कोरडे, सोलायला सोपे. कुणी उठायच्या आत टोपली भरून आणतो. आप्पा सगळ्यांना सांगतात की यंदा गोदामात उंदीर दिसत न्हाय, मांजर लई गुणाची हाय. अंबूनं हे काशम्मांकडून कळवलं. मी पोट धरून हसलो.

आप्पा हल्ली मला बघून ओट्यावर जागा करून देतात. आक्का, जमणार बघ. तुझा आशीर्वाद तेवढा पाठीशी ठेव.

मानसिंग


बार्शी
ता. १३ डिसेंबर १९२७

चि. मानसिंगास आशीर्वाद. खुशाली मागाहून.

येडू गावी गेला, मग सापळे कोण लावतंय? बुडवलेला उंदीर ओला असतो. तुझे कोरडे आहेत. ते कुणी मारलेले नाहीत रे, ते पडलेत.

घरात उंदीर पडले की त्याच दिवशी घर सोडायचं नि गावाबाहेर झोपडी घालून राहायचं. माणसाला तेवढीच एक खूण मिळते. आई गेली त्या साली शेजाऱ्यांनी पडलेले उंदीर गुपचूप उकिरड्यात पुरले. आम्हाला कळलं तोवर आईला गाठ आली होती. तू पाळण्यात होतास. आत्यानं तुला पुण्याला उचलून नेलं आणि पुढं तुझ्यापाशी तो विषय कुणी काढला नाही. आता ती खूण तू रोज पहाटे उचलतोस आणि चुलीवर शिजवतोस.

कोंबड्यांच्या तुऱ्यांवर जाऊ नकोस. त्यांना तो रोग होत नाही. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाला शोधत येतात. अंबू त्या गोदामाच्या भिंतीलाच निजते ना? हे पत्र खाली ठेव आणि आप्पांना जाऊन सांग. उंदरांना हात लावू नकोस, चिमट्यानं उचलून रॉकेल टाकून जाळ. तू प्लेगची लस टोचून घे, आणि लगेच मला दोन ओळी टाक.

आक्का


भवानी पेठ, सोलापूर
ता. १६ डिसेंबर १९२७

ती. सौ. आक्काच्या पायांशी मानसिंगचा नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. तसाच आप्पांकडे गेलो. त्यांनी हमालांना बाहेर घालवलं, दार लोटलं, सगळं ऐकून घेतलं. चेहरा जराही हलला नाही. त्यांना माहीत होतं, आक्का. मग हळू आवाजात म्हणाले, "मान्या, नवी ज्वारी भरलीया. बोंब झाली तर सरकारी माणसं गोदाम उपसत्याल, दाण्याला कुत्रं हुंगणार न्हाय. तू उचलतोस तसंच उचलत ऱ्हा. माघात अंबूला हळद लावतो, माझा सबूद."

तुझ्यापासून काय लपवू, मी हो म्हणून आलो. रात्रभर मला माघ महिनाच दिसत होता.

आज पहाटे टोपली घेऊन गेलो तर भिंतीशी अंबूच उभी होती. बापानं हो म्हटल्याचं तिला कळलं होतं. इतकी मोकळी हसताना मी तिला पूर्वी पाहिली नव्हती. तिच्या पायाशी एक उंदीर दारू प्यायल्यासारखा गरगरत होता, आणि ती हसता हसता अनवाणी पायानं त्याला बाजूला सारत होती.

मी तिला ओरडून मागं ओढलं. तिला वाटलं, मला लग्न नको. रडत आत गेली.

आज टोपलीवर झाकण घातलेलं नाही. ती पेठेच्या चौकात सगळ्यांसमोर ओतणार, कुठून आणली ते नाव घेऊन सांगणार, मग प्लेगच्या डॉक्टरला घेऊन येणार. आप्पा माझं तोंड बघणार नाहीत. अंबूही बघायची नाही कदाचित. पण संध्याकाळपर्यंत ती गावाबाहेर झोपडीत असली पाहिजे. कोंबड्या सोडून दिल्यात. बंगल्यावरही सांगेन. कालपासून अंग कसकसतंय, रागानं असेल. तू इकडे येऊ नकोस.

तुझी माया आहे म्हणून एवढं लिहिता आलं.

तुझा
मानसिंग

ता. क. ही ओळ पायरीवरून लिहितोय. चौकात हमाल जमायला लागलेत. टोपली उचलली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलंय.