चौदा हजार एकाव्या राक्षसाचे गुणदोष

१० फेब्रुवारी १९९९, बुधवार. सकाळी ११.
सुवर्णा माहेरी सिन्नरला जाऊन आज चार महिने. कारण मिक्सर. मी मिक्सर खिडकीतून फेकला असं सगळीकडे सांगितलं जातंय. चूक. खिडकी आधीपासून उघडी होती, हे कोणी सांगत नाही. खाली शेजाऱ्यांची लूना उभी होती. ती काय लूना लावायची जागा आहे?
आज तिचा भाऊ कुंदन मार्केट यार्डात माझ्या गाळ्यावर आला, ऐन लिलावात. म्हणाला, दाजी, ताईच्या दोन अटी आहेत. एक, तिची कादंबरी छापून आलीये, ती पूर्ण वाचायची, आणि १४ मार्चला वाचनालयात प्रकाशन आहे तिथे तिचे गुण किती, दोष किती, ते उभं राहून सांगायचं. दोन, तोपर्यंत कोणावरही हात उचलायचा नाही. दोन्ही जमलं तर ताई त्याच दिवशी घरी येईल. नाही जमलं तर येणार नाही, कधीच.
एवढंच? मुळात मी शांत माणूस. आणि रामायणावरची कादंबरी तपासायला माझ्याइतका लायक कोण? नावच वाल्मीक आहे.

११ फेब्रुवारी. पहाटे ५, गाळ्यावर.
संकल्प : (१) रोज दहा पानं. (२) राग आला की शंभर आकडे. (३) चहा निम्मा.
कादंबरीचं नाव ‘चौदा हजार एकावा’. पानं २३२. विषय असा : रामाने खर-दूषणाचे चौदा हजार राक्षस इथेच, आपल्या पंचवटीत कापले. सुवर्णा म्हणते, एक वाचला. धूम्रनख. लढाईच्या वेळी तो गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, तोंड धूत होता. तेव्हापासून तो अदृश्य होऊन घाटावर फिरतो आणि १९९० साली वेदिका नावाच्या फूलवालीच्या प्रेमात पडतो. ती गजरा ओवायला बसली की तो तिला दिसतो, बाकी कोणाला नाही. हे तिला कुठून सुचलं देव जाणे. माझ्यासमोर तर ती कोथिंबीरच निवडत असते.
पहिली दोन प्रकरणं वाचली. गुण : लढाई जबरी. दोष : रक्त गुडघाभर आहे आणि राक्षस त्यातून धावतायत. गुडघाभर रक्तात धावता येत नाही. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे त्या रंगाच्या हौदात, उतरलेल्या कोणालाही विचारा.
दहा पानांचा संकल्प मात्र रद्द करतोय. गरज नाही. वीस वर्षं मी माल पारखतोय. वरचा थर बघायचा, क्रेट पालथा करून तळ बघायचा. वर आणि खाली चांगलं असेल तर मधे शेतकरी काय घालणार? पुस्तकाचंही तेच.

१३ फेब्रुवारी, शनिवार.
गेणू हमालाने ढोबळी मिरचीचा क्रेट माझ्या पायावर सोडला. बारापर्यंत आकडे मोजले, मग त्याला ढकललं. तो कोबीच्या ढिगावर पडला आणि वरून पाच-सहा गड्डे त्याच्या डोक्यात बसले. भुवई फुटली. ढकलणं म्हणजे मारणं नव्हे. मारलं ते कोबीने. अट शाबूत आहे.
गेणू उद्या येणार नाही म्हणाला. नाजूक झालीत माणसं.

१७ फेब्रुवारी, बुधवार. दुपार.
तळ पाहिला. म्हणजे शेवटचं प्रकरण वाचलं. डोळ्यांत पाणी आलं, वहीला खोटं कशाला सांगू. संध्याकाळची वेळ, गंगाघाट. इथे राक्षस आता सगळ्यांना दिसतो. वेदिका वरणभात कालवते आणि धूम्रनखाला स्वतःच्या हाताने भरवते. पदराने त्याची हनुवटी पुसते. त्याचा भांग पाडते, सदऱ्याची गुंडी लावते. तो एक शब्द बोलत नाही. नुसता शांत. तीन हजार वर्षांचा संताप गेला कुठे, असं घाटावरचे लोक विचारतात.
आणि लख्ख उजेड पडला. राक्षस म्हणजे मी. रुंद खांदे, अंगाला मातीचा वास, पहाटे चारला उठणं, वरून तापट आणि आतून लोणी. पंधरा वर्षांत, लग्नातला घास सोडला तर, सुवर्णाने मला एकदाही भरवलं नाही. मनात होतं बिचारीच्या. बोलली नाही, लिहिलं.
हे आईला सांगितलं. आई म्हणाली, येडपटा, मधलं वाच की. शेजारची पोरगी तिला दुपारी वाचून दाखवते म्हणे. पुढे म्हणाली, मधलं ऐकलं तवा मला दोन दिस जेवण गेलं नाय. आईला साहित्यातलं काय कळतं? पित्त झालं असेल.

२१ फेब्रुवारी, रविवार.
वाचनालयात गेलो. ग्रंथपाल ज्ञानेश कार्यक्रम ठरवतोय. तिथे चंदरराव नावाचे एक रिटायर्ड सभासद पेपर वाचत बसले होते. न विचारता म्हणाले, पहिली शंभर पानं नुसता साखरेचा पाक. राक्षसाला तीन हजार वर्षं वाट बघता आली, पण लेखिकेला प्रेम जमवायला तीन पानंसुद्धा थांबवलं नाही.
माझ्या बायकोबद्दल. माझ्या तोंडावर.
मी त्यांच्या डोक्यात कादंबरी हाणली. दोनदा. दुसऱ्या फटक्याला कवळी बाहेर आली. नोंद करून ठेवतो : पुस्तकाने मारलं, हाताने नाही. हात फक्त पुस्तक धरायला होता.
तक्रार मात्र बरोबर आहे. ‘प्रेम फार लवकर जमतं’ हा दोष क्रमांक ३ म्हणून यादीत घेतला. चंदररावांचे आभार मानणार होतो, पण त्यांना रिक्षात घालून नेलं होतं.
ज्ञानेश कवळी धूत म्हणाला, वाल्मीकशेठ, सुरुवात गोडमिट्ट आहे, मान्य. पण मधली साठ पानं मला एका बैठकीत वाचवली नाहीत. दोनदा उठून पाणी प्यायलो. मधलं वाचलंत ना तुम्ही?
म्हटलं, अर्थात.
दोष क्रमांक ४ : मधला भाग रटाळ. ग्रंथपालालाही तहान लागते.

७ मार्च, रविवार. रंगपंचमी.
महिना सरत आला, अट अजून शाबूत. आज रहाडीवर गेलो. काठावर बारकू फूलवाला भेटला. यार्डात झेंडू विकतो, सुवर्णाने वेदिकेसाठी फुलांचं सगळं काम त्याच्या बायकोकडे बसून पाहिलं म्हणे. बारकू माझ्या हातांकडे बघत म्हणाला, शेठ, चौदावं प्रकरण वाचलं. देव करो आन् अशी येळ कोनावर न येवो. आणि हसला.
हसण्यासारखं काय होतं? तो रहाडीत उतरला आणि मी वरून धप्पा मारला. रहाडीत पाय मुडपून धपकन उडी मारायची, ही पेशव्यांपासूनची रीत आहे. खाली कोण आहे ते बघायची रीत नाही. बारकूच्या दोन बरगड्या गेल्या. नाकातून रक्त आलं म्हणतात, पण सगळंच लाल होतं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.
हात उचलले नव्हते. उडी पायांनी मारतात.

९ मार्च, मंगळवार. दुपारी ४.
एसटीडी बूथवरून सिन्नरला फोन केला. सुवर्णा स्वतः बोलली. छातीत धडधडत होतं, लग्नाच्या वेळीसुद्धा एवढं झालं नव्हतं. तिने विचारलं, वाचलं का. म्हटलं, पूर्ण. तिने विचारलं, चौदावं प्रकरण कसं वाटलं.
म्हटलं, कसदार. मला तर फार आवडलं. असंच लिहीत राहा.
मग हळू म्हणाली, अहो, खरंच आवडलं तुम्हाला? म्हटलं, म्हणजे काय, शेवटच्या प्रकरणात त्याचं गोड फळ दिसतंच. मग म्हणाली, मग मी येते रविवारी.
बाहेर येऊन बूथवाल्याला पेढे दिले. तो सुट्ट्या पैशांवरून काही बोलला तरी शंभरपर्यंत आकडे पूर्ण मोजले. पहिल्यांदाच.

१३ मार्च, शनिवार.
भाषण तयार. घोटून तीनदा वाचलं, आईसमोर एकदा. आई मधेच उठून देवघरात गेली.
गुण : कल्पना नवी. पंचवटीचा वास पानापानाला येतो, ओले दगड, कुजकी फुलं, पेटता कापूर. वेदिका गजरा कोपराने मोजते, ते झकास. राक्षस तुळशीला घाबरतो, तेही. आणि शेवट. असा शेवट मराठीत नाही.
दोष : लढाईतलं रक्त. तपोवनातून रामकुंडाला दहा मिनिटांत चालत येणं, अशक्य. प्रेमाची घाई. मधला रटाळपणा.
वजन केलं तर पारडं गुणांकडे झुकतं. नवरा म्हणून नाही, पारखी म्हणून सांगतो.
नवीन मिक्सर आणलाय. खिडकीपासून लांब ठेवलाय. घर पुसून घेतलं. उद्या याच वेळी सुवर्णा इथे असेल.

१५ मार्च, सोमवार. दवाखाना. डाव्या हाताने.
अक्षर वाईट. लिहिणं भाग आहे.
हॉल भरलेला. सुवर्णा स्टेजवर. हिरवी साडी. वाळलीये. मला शाल आणि श्रीफळ दिलं. भाषण छान चाललं होतं. शेवटच्या प्रकरणावर आलो. म्हटलं, लोकहो, ती त्याला भरवते, त्याची गुंडी लावते, नवरा-बायकोच्या प्रेमाचा याहून मोठा कळस कोणता? आणि लाजायचं कशाला, हा राक्षस म्हणजे मीच.
कोणी टाळी वाजवली नाही. सुवर्णा माझ्याकडे बघत होती. आधी तिला कळेना. मग कळलं, तिच्या तोंडावर दिसलं ते.
मागून बारकू बोलला, छातीला पट्टे बांधलेला. शेठ, भरवती कारन त्याला हात नाहीत. चौदाव्यात तिनं दोन्ही हात खांद्यापासून तोडलेत, झेंडू कापायच्या विळ्यानं. तुम्ही वाचलंच नाही.
हॉल हसला. सगळा.
मी श्रीफळ फेकलं. ट्यूबलाइट फुटली, काचा पहिल्या रांगेत. या वेळी चंदररावांचं कपाळ फुटलं. स्टेजवरून उतरून बारकूवर मूठ उगारली. तो वाकला. मागे दगडी खांब होता. उजव्या हाताची चार हाडं मोडली. आवाज मलाच ऐकू आला.
भोवळ येऊन पडलो तेव्हा सुवर्णा वरून बघत होती. तिने ज्ञानेशला सांगितलं, रिक्षा बोलवा. मग कुंदनबरोबर निघून गेली.
खांबाला मारलं तर अट मोडते का, विचारायचं राहिलं.

१८ मार्च, गुरुवार. दवाखाना. सकाळ.
काल हातात स्टीलची पट्टी घालून शिवलं. आज करण्यासारखं काही नाही. आई पुस्तक ठेवून गेली. चौदावं प्रकरण वाचलं.
धूम्रनख दर अमावस्येला शपथ घेतो आणि दर वेळी दुसऱ्याचा दोष काढतो. वेदिका एक एक प्रसंग मनात ठेवते. अकरा आहेत. जातं खिडकीतून जातं, तो मिक्सर. पुजाऱ्याच्या कानशिलात बसते, तो आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला. तिच्या बापाच्या ताटाला लाथ बसते, ते तर जसंच्या तसं, लोणच्याच्या फोडीसकट. अकराव्यानंतर ती विळ्याला धार लावते. तो झोपेत असताना त्याचे हात तोडते. रक्त उंबऱ्यापर्यंत येतं. हात तुळशीखाली पुरते आणि रडते. म्हणते, आता तुझ्यावर प्रेम करायला मला भीती नाही वाटणार.
रटाळ नाही. मीही दोनदा पाणी मागितलं.
पण पारखी तो पारखी. एक दोष सापडला. अकरा नाहीत, बारा आहेत. मागच्या गौरींच्या दिवशी, पुरण खाली लागलं म्हणून. तो प्रसंग तिने लिहिलेला नाही. बाकी सगळे लोकांना मारल्याचे, वस्तू फोडल्याचे. तिच्या स्वतःच्या अंगावरचा एवढा एकच, आणि नेमका तोच गाळला. तीन आठवडे तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं.

त्याच दिवशी. दुपारी २.
कुंदन आला होता. तिचे कपडे आणि लिहायचा पाट घरून घेतला, म्हणाला. ताई येणार नाही. फोनवर तुम्ही चौदावं आवडलं म्हणालात तेव्हा रात्रभर आनंदाने रडली, तिला वाटलं तुम्हाला समजलं. काही निरोप आहे का?
म्हटलं, सांग तिला, वाचलं. एक प्रसंग राहिलाय.
त्याने विचारलं, कुठला. त्याला माहीत नव्हतं. त्यांच्या घरी कोणालाच माहीत नाही. मी सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं, त्यामुळे नीट जुळवून सांगता आलं नाही.
तो स्टुलावर बसला. मग उठला आणि माझ्या कानाखाली ठेवून दिली. पूर्ण ताकदीने. सलाइनचा स्टँड पडला. माझा डावा हात मोकळा होता. उचलला नाही.
तो गेल्यावर वॉर्डातली आया नवसाबाई धावत आली. दोनदा काहीतरी विचारलं, मला नुसते ओठ हललेले दिसले. तिसऱ्यांदा उजव्या बाजूला येऊन विचारलं, काय झालं कानाला.
सांगितलं, पाणी गेलंय. सुवर्णा सगळ्यांना हेच सांगायची.