मंगळावरचं दहा लिटर पाणी

आदरणीय सुंदरराव दाजी यांच्या चरणी मेहुणा त्रिंबक याचा डोकं टेकवून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? आक्काचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (म्हणजे अंघोळ चार दिवसांतून एकदा, पण तब्येती ठणठणीत).

दिवाळीला तुम्ही दिलेलं विज्ञानकथांचं पुस्तक मी ‘सवड मिळाली की वाचीन’ म्हणून ठेवून दिलं होतं. ती सवड दुष्काळाने दिली. गावातली जनावरं छावणीत गेली, दूध सोसायटी बंद पडली आणि तिचा चेअरमन, म्हणजे तुमचा हा मेहुणा, पालथ्या कॅनवर बसून मंगळावर जाऊन येऊ लागला. गावाने माझ्यावर एकच काम सोपवलं होतं: दर चौथ्या दिवशी टँकर आला की त्याचा पाइप विहिरीत धरायचा. (त्यासाठी मी गळ्यात शिट्टीही अडकवली होती. शिट्टीचं कुणी बोललं नव्हतं.)

गेल्या सोमवारी बाया टँकरची वाट बघत विहिरीवर बसल्या होत्या. आपण किती वाचतो हे चारचौघींना कळावं म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो. गोष्टीतला माणूस मंगळावर काचेच्या वसाहतीत राहतो आणि तिथे माणशी रोज फक्त दहा लिटर पाणी मिळतं. लेखकाने ते इतकं करुण लिहिलंय की तो माणूस पानोपानी रडतो. तेवढ्यात हंड्याला टेकून बसलेल्या रुक्मिणीबाईंनी विचारलं, “रोज? आन् नळाला?”

“हो, नळाला.”

“मंग त्यो रडतोय कावून?”

मी घाईने पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. शेजारच्या जानकीबाईंनी तर तिकडे माणसं नेणारा मुकादम कोण, हेही विचारून घेतलं.

टँकर आला तेव्हा तो माणूस हरवलेल्या भावाला शोधायला वसाहतीबाहेर पडला होता. बाहेर धुळीचं वादळ, पाठीवरच्या टाकीत वीस मिनिटांची हवा. अशा वेळी पुस्तक कोण मिटेल? मी एका हातात पाइप धरला, दुसऱ्यात पुस्तक. ड्रायव्हर खाजामियाँनी कॉक सोडला आणि तेही ऐकत उभे राहिले. पान उलटायला दोन हात लागतात, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. पाइप कठड्यावरून घसरला आणि तहानलेल्या जमिनीने आवाजसुद्धा न करता पाणी प्यायला सुरुवात केली. जानकीबाई म्हणाल्या, “आप्पा, माझे पाय भिजले.” मी म्हणालो, “थांबा हो, त्याची हवा संपत आलीय!” (हे वाक्य गाव माझ्या नातवंडांनाही ऐकवणार.)

अर्धा टँकर गेला. मी शिट्टी वाजवली. का, ते माहीत नाही. पण दाजी, वाट्या घेऊन चिखलातलं पाणी गोळा करणाऱ्या त्या बाया बघून मला तोंड लपवायला जागा सापडेना. खाजामियाँ म्हणाले, “गलती मेरी भी है, आप्पा. मैं भी उधरइच था,” आणि आणखी एक खेप मिळते का बघायला निघून गेले. मी काम सोडतो म्हणालो. रुक्मिणीबाई म्हणाल्या, “सोडा मागनं. टँकर येस्तोवर आमी काय करावं? त्याला भाऊ घावला का, ते सांगा.”

शेवटचं पान तुम्ही वाचलंच असेल. भाऊ सापडत नाही आणि शोधायला गेलेलाही परतत नाही. रुक्मिणीबाईंचा लेक अजून ऊसतोडीवरून परतलेला नाही. माझी जीभ रेटेना. मी गोष्टीतल्या दोघा भावांनाही घरी आणलं आणि वर गरम भाकरी खाऊ घातली.

दिवस मावळायला टँकर आला. खाजामियाँनी खाली उतरण्याआधी विचारलं, “भाई मिला?” मी म्हणालो, “मिला.” मगच कॉक सुटला. पाइप जानकीबाईंनी धरला होता. तो आता कायमचा त्यांच्याकडेच गेलाय.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
त्रिंबक

ता. क. रुक्मिणीबाईंची सून शिकलेली आहे आणि तिने ते पुस्तक वाचायला मागितलंय. तरी ‘माझं पुस्तक ताबडतोब परत पाठव’ असं दमदाटीचं पत्र उलट टपाली धाडा, म्हणजे मला विहिरीवर दाखवता येईल. खरं तर एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी कळलं की आमच्या सौ. विमलबाईंनी पुस्तक कालच त्या सुनेला देऊन टाकलं. रुक्मिणीबाई सकाळी घरी आल्या. म्हणाल्या, “आमाला तवाच कळलं हुतं. शेवटाला तुमी पुस्तकाकडं बघतच न्हवता. पर फुडच्या गोष्टीला बी आसंच करा.” तेव्हा दाजी, दमदाटी नको. दुसरं पुस्तक पाठवा. शेवट कसाही असला तरी चालेल.